कुलपातला दाणा

मुंग्या आल्या कुठून, यावरून वर्षभर बोलाचाली चालल्या. नव्या धक्क्याच्या लाकडांतून आल्या, असं आधी नावाडीच म्हणाला. ती लाकडं त्याच्याच होडीतून आली होती याची कोणीतरी त्याला आठवण दिली, तेव्हा तो लाकडं सोडून वाळूच्या पोत्यांवर घसरला. कुठूनही आल्या असोत, दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत टेकडी त्यांची झाली. पिवळट रंग, लांब पाय, आणि रांग धरून जाण्याची रीतच नाही. वाट फुटेल तिकडे पळायच्या. लोक त्यांना वेड्या मुंग्या म्हणत. त्या चावत नसत, आंबट पाणी उडवत. माणसाच्या हाताला ते नुसतं चुरचुरायचं. बिळात राहणाऱ्या पाखरांच्या पिल्लाच्या डोळ्यांत गेलं की पिल्लू आंधळं व्हायचं, आणि मग ते हलत असतानाच मुंग्या त्याला खायला लागायच्या.

टेकडीच्या समुद्राकडच्या उतारावर राखी पाखरांची बिळं होती. जोडप्याला वर्षाला एकच अंडं. पाखरं दिवसभर पाण्यावर असत आणि उन्हं उतरली की बिळाशी येऊन घसा फाटेपर्यंत ओरडत.

उताराच्या पायथ्याशी दोन भावांची घरं होती, मध्ये एक पडवी. एका घरात धाकटा आणि त्याची बायको. दुसऱ्यात थोरला एकटा. थोरल्याची बायको शेवटच्या आजारात आतल्या खोलीत खिडकीशी पडून असायची. पाखरं ओरडायला लागली की म्हणायची, "आली बाई सगळी घरी," आणि डोळे मिटायची. तिला जाऊन वर्ष उलटलं होतं. आता पाखरं तुरळक ओरडत. त्या वेळेला थोरला हातातलं काम थांबवून उभा राही. कोणी बघतंय असं वाटलं तर पाठ खाजवायला लागे.

त्या वर्षी वन्यजीव खात्याने मुंग्या मारायचं काम काढलं. पूर्वेची बाजू नावाड्याच्या घरच्यांना दिली, समुद्राकडची या दोन भावांना. काम दाखवायला खात्याची बाई आली. सगळे तिला पाखरंबाई म्हणत. तिने उतारावर दोऱ्या ताणून पट्टे पाडायला शिकवलं. पोतं छातीशी बांधायचं, पेल्याने दाणा घ्यायचा, आणि पावलागणिक टाकत जायचं. दाणा माशाच्या कुटाचा होता, त्यात औषध अगदी थोडं.

"थोडं का?" थोरल्याने विचारलं. "भरपूर घाला की. एकदाच निकाल लागेल."

"जागच्या जागी मेली तर उपयोग नाही, काका. तिने दाणा घरी न्यायला हवा. राणीला भरवायला हवा. मग अख्खं घर मरतं."

"म्हणजे पाहुणचार करून मारायचं."

"तसंच समजा." पाखरंबाई हसली नाही. "आणखी एक. बिळात हात घालायचा नाही. कोणीही. अंडं असो, पिल्लू असो. हात घातलेला दिसला की काम बंद."

पहिल्या फेरीला दाणा चांगला लागला. धाकटा उभ्या कड्याकडचे पट्टे घ्यायचा, कारण थोरल्याचा गुडघा चढावर दगा द्यायचा. आठवड्याभरात मुंग्या निम्म्याने कमी झाल्या. पाखरंबाई साखरेच्या पाण्याचे थेंब पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांवर ठेवून बघायची, किती मुंग्या येतात ते. तिचं तोंड जरा उजळलं. "आणखी एक फेरी," ती म्हणाली. "अंडी फुटायच्या आत ही बाजू साफ झाली पाहिजे. नाही झाली तर यंदा इथून एक पिल्लू उडणार नाही. आणि वरचे मला सांगतील, ही बाजू सोडून द्या, पूर्वेची तेवढी वाचवा."

सोडून द्या, हा शब्द थोरल्याच्या डोक्यात बसला.

दुसऱ्या फेरीची पोती पडवीत रचलेली होती. एका सकाळी थोरल्याला वरच्या पोत्याची शिवण एका कोपऱ्यात उसवलेली दिसली. त्याने बोट घातलं. बोट सहज आत गेलं.

"हे कोणी उसवलं?"

भावजय अंगण झाडत होती. झाडू थांबला नाही. "कोंबडीने टोचलं असेल, दादा."

"कोंबडी सुतळी सोडवते?"

"आमची सोडवते. तिला येत नाही असं काही नाहीच. एक अंडं तेवढं देता येत नाही."

थोरला हसला नाही. पोतं हातावर तोलून त्याने खाली ठेवलं. पडवीच्या पलीकडे भावजयीचे भोपळ्याचे वेल होते. सगळ्यांच्या वेलांना मावा पडला होता. जिथे मावा तिथे मुंग्या, त्या माव्याला गाईसारख्या पाळतात. हिच्या वेलांवर मात्र एक मुंगी नव्हती. पानं हिरवी तकतकीत.

"वेल छान आलेत," तो म्हणाला.

"राखेचं पाणी घालते," ती म्हणाली. जरा घाईने म्हणाली असं त्याला वाटलं.

त्याच दुपारी त्याने सगळी पोती एकेक करून आतल्या खोलीत नेली. घरात कुलूप लागणारी तेवढी एकच खोली. खिडकी त्याने बायको गेल्यावर खिळे ठोकून बंद केली होती. तिच्या लोकरीच्या कपड्यांची पेटी तिथेच होती, आणि त्याची खाटही. पोती त्याने पेटीला टेकवून रचली. किल्ली करगोट्यात ओवली.

धाकटा कामावरून आला. त्याने रिकामी पडवी पाहिली, मग भावाच्या कमरेकडे पाहिलं.

"किल्ली कशाला?"

"दाणा सरकारचा आहे."

"काल नव्हता का?"

"कालही होता. काल शिवण उसवलेली नव्हती."

धाकट्याने तोंड धुतलं, गुळणी केली, अंगणात लांब थुंकला आणि आत गेला. तेव्हापासून रोज सकाळी थोरला कुलूप काढायचा, दाणा पेल्याने मोजून भावाच्या पिशवीत घालायचा. धाकटा पिशवी उघडी धरून दुसरीकडे बघत उभा राहायचा.

दुसरी फेरी संपत आली. पूर्वेच्या बाजूला फरशीवर मुंगी दिसेना. समुद्राकडे मात्र थेंब ठेवायचा अवकाश, फरशी पिवळी होई.

नावाडी धक्क्यावर बसून दोर वळत होता. थोरला जाताना दिसला तसं त्याने मोठ्याने विचारलं, "काय हो, तुम्ही मुंग्या मारताय की पोसताय?"

"तू आणल्यास, तूच सांग."

"आमच्याकडे खलास झाल्या. एकाच होडीतून आलेला दाणा आहे. दाण्याला काय झालेलं नाही." त्याने दोराला पीळ दिला. "टाकणाऱ्याचं काय ते बघा. कड्याकडे कोण असतं तुमच्यात? तिकडे कोणाची नजर पोचत नाही."

थोरला पुढे निघाला. पण नावाड्याने जे बोलून दाखवलं ते त्याच्या मनात चार दिवस आधीच येऊन बसलं होतं. तीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून आल्यावर त्याला ती खरीच वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी तो आपले पट्टे अर्धे सोडून कड्याच्या बाजूला गेला. गुडघा दर पावलाला करकरत होता. एका मोठ्या दगडाआड तो टेकला. वारा समुद्राकडून होता, त्यामुळे त्याचा आवाज धाकट्याला जाणार नव्हता. स्वतःच्या भावावर पाळत ठेवायची म्हणून वाऱ्याची दिशा बघितली, हे त्याच्या लक्षात आलं आणि कानशिलं तापली. तरी तो उठला नाही.

धाकटा दिसला. दोरीच्या कडेने चालत होता, हात मागेपुढे होत होता. दाणा टाकत होता खरा. मग थांबला. इकडेतिकडे पाहिलं. पिशवी गळ्यातून काढून खाली ठेवली आणि पालथा पडून एका बिळात खांद्यापर्यंत हात घातला. बराच वेळ तसाच. मग उठून पुढच्या बिळाशी तेच.

थोरल्याला एवढंच दिसलं. मधे दगड होता, ऊन डोळ्यांवर होतं. पण त्याला आणखी काही बघायचं नव्हतं. पिशवी लवकर रिकामी करायची असेल तर बिळात ओतण्यासारखी सोपी युक्ती नाही. ओतून मोकळं व्हायचं आणि सावलीत पडायचं.

संध्याकाळी पाखरंबाई अंगणात बाकावर बसली होती. भावजयीने तिला चहा दिला होता. थोरल्याने सगळ्यांसमोर सांगितलं.

पाखरंबाईने कप खाली ठेवला. "बिळात हात घातलात?"

"घातला," धाकटा म्हणाला.

"दाणा ओतला?"

धाकट्याने भावाकडे पाहिलं. "दादा म्हणतो ना ओतला? मग ओतला असेल. त्याच्याकडे किल्ली आहे."

"अहो, सांगा की त्यांना," भावजय म्हणाली.

"तू गप्प बस."

"हात घातलात तेवढं मला पुरे आहे," पाखरंबाई उठली. "उद्यापासून येऊ नका." जाताना ती थोरल्याला म्हणाली, "काका, तुमच्या खोलीत उरलाय तेवढा दाणा तुम्ही एकटे टाका. कड्याकडे पण. मग बघू."

पाखरं ओरडायला लागली. अगदी थोडी. अंगणात कोणी कोणाकडे बघत नव्हतं. भावजयीने कप उचलला, आणि थोरल्यासमोर ठेवलेला दुसरा कप, ज्यातला चहा त्याने घेतलाच नव्हता, तोही उचलून मातीत रिता केला.

भावजयीकडून रोज येणारी भाकरी त्यानंतर त्याच्या घरी आली नाही. त्याने स्वतः तांदूळ शिजवला. खाली करपला, वर कच्चा राहिला. तो तसाच खाल्ला.

कड्याकडचे पट्टे त्याने एकट्याने घेतले. उतार असा होता की एक पाय वर, एक पाय खाली ठेवूनच चालावं लागे. पोत्याचा पट्टा मानेत रुतायचा. गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला, त्यावर फडकं आवळून तो चालत राहिला. एक पाऊल चुकवलं नाही. कुठे दाणा जास्त पडला तर वाकून वेचून पसरला. आपण दाणा नीट टाकला की मुंग्या मरणार, आणि धाकट्याने काय केलं ते सगळ्यांना दिसणार. एवढ्या एका विचारावर तो चढत होता.

दोन दिवसांनी तो बघायला गेला. दाणे जसे टाकले तसे पडले होते. त्याला आधी समजेना. एवढ्या मुंग्या असताना दाणा राहतो कसा? तो पालथा पडून बघायला लागला. मुंग्या दाण्यांच्या मधून पळत होत्या. दाण्याजवळ आल्या की वळत. त्याने एक दाणा उचलून एका मुंगीच्या अगदी पुढ्यात ठेवला. तिने मिशा लावल्या आणि झटका बसल्यासारखी मागे पळाली.

मागे खडी घसरली. त्याने वळून पाहिलं. भावजय चढून येत होती. हातात पाण्याची बाटली, खांद्यावर ओलं फडकं.

"तू इथे काय करतेस?"

"पाखरंबाईला सांगायला जायचं असेल तर जा, दादा. वाट मोकळी आहे." तिला धाप लागली होती. "त्यांना तुम्ही बंद केलंत. पिल्लांना कोण पुसणार?"

"काय पुसणार?"

ती बिळाशी पालथी झाली, खांद्यापर्यंत हात घातला आणि एक पिल्लू बाहेर काढलं. राखी लव, मुठीएवढा जीव. अंगावर मुंग्या धावत होत्या. एक डोळा पांढरा पडला होता. तिने ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं, मुंग्या चिमटीत धरून चिरडल्या आणि दुसऱ्या डोळ्यावर बाटलीतून पाण्याची धार धरली. पिल्लू तिच्या तळहाताला चोच मारत होतं.

"काही अंडी लवकर फुटली," ती म्हणाली. "ते रोज हेच करायचे. दाणा टाकून झाला की पट्ट्यातली सगळी पिल्लं पुसायची. हात घालायचा नाही असं बाईने सांगितलेलं, म्हणून कोणाला बोलले नाहीत. घरात तुम्हाला सांगावं असं मी दोनदा म्हटलं. म्हणाले, त्याच्या करगोट्याला विचार."

थोरला खाली बसला. बसला म्हणजे गुडघ्याने त्याला बसवलं.

तिने पिल्लू परत ठेवलं. हात पुसता पुसता तिची नजर दाण्यांवर गेली. ती वाकली. "हे कधी टाकलंत?"

"दोन दिवस झाले."

"आणि एक पण उचलला नाही?" ती बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "मी घेतलेला तर मुंग्यांनी दिवस मावळायच्या आत पळवला होता."



"कुठला घेतलेला?" थोरल्याने विचारलं.

तिने मान खाली घातली. मग वर केली. "दोन मुठी. वेलांसाठी. शिवण मीच सोडली होती. त्यांना ठाऊक नव्हतं. शिव्या घालायच्या असतील तर मला घाला, पण तो दाणा त्याच पोत्यातला होता, दादा. याच पोत्यांतला. पडवीत होता तेव्हाचा."

थोरल्याने शिव्या घातल्या नाहीत. तो दाण्याकडे बघत होता. तिने त्याच्या पिशवीतून मूठभर दाणा काढला, नाकाशी नेला आणि डोकं मागे घेतलं. पुन्हा नेला. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही?"

त्याने घेतला वास. "माशाचा आहे."

"ताईंच्या पेटीचा आहे."

"काहीतरीच."

"डांबरगोळ्यांचा. तुमच्या कपड्यांना येतो, अंथरुणाला येतो. तुम्ही पडवीतून गेलात की मला न बघता कळतं. मी कधी बोलले नाही, म्हटलं कशाला." तिने हात त्याच्यापुढे धरला. "त्या खोलीत किती घातल्यात?"

पेटीत होत्या, फळीवर होत्या, चारी कोपऱ्यांत होत्या. विरल्या की तो नव्या आणून टाकत असे. बायकोच्या एकाही कपड्याला कसर लागू द्यायची नाही असं त्याने ठरवलं होतं. त्याने पुन्हा दाणा हुंगला, जोरात, दोनदा. त्याला माशाशिवाय काहीच येईना. मुंग्यांना येत होता.

तो त्या दिवशी खाली उतरला तो सरळ धक्क्यावर गेला. पाखरंबाई होडीत चढत होती. नावाडीही होता, पण तो बाजूला होईपर्यंत थोरला थांबला नाही.

"दाणा माझ्या खोलीत बिघडला," तो म्हणाला. "धाकट्याने नीट टाकला होता. बिघडलेला टाकला, पण नीट टाकला."

पाखरंबाईने त्याने आणलेला मूठभर दाणा हुंगला आणि तिचा चेहराच बदलला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "एक खेप आणता येईल," ती शेवटी म्हणाली. "त्याहून जास्त नाही. ठेवणार कुठे?"

"धाकट्याकडे."

"त्यांनी बिळात हात घातला होता."

"पिल्लं पुसायला घातला होता. एकाचा एक डोळा तरी शाबूत आहे तो त्यामुळे."

बाई होडीच्या काठावर हात ठेवून उभी राहिली. "हे मी ऐकलं नाही," ती म्हणाली. "त्यांना उद्या यायला सांगा."

"तुम्हीच सांगा," थोरला म्हणाला. "माझं ऐकणार नाही."

नावाडी नेमका तेव्हा दोराची गाठ सोडण्यात गुंतला होता.

नवी पोती धाकट्याच्या घरात गेली, उंच फळीवर, खिडकी उघडी ठेवून. थोरल्याने आतल्या खोलीला कडी लावली आणि आपलं अंथरूण पडवीत आणलं. अंथरूणही जुनं नाही, भावजयीने दिलेलं. त्याचे कामाचे कपडे तिने उकळून समुद्राच्या वाऱ्यावर तीन दिवस टांगले. ते वाळत होते तोवर तो धाकट्याच्या आखूड पायजम्यात अंगणात फिरला, नडग्या उघड्या.

पहिल्या सकाळी दोघं दाराशी उभे राहिले. धाकट्याने पिशवी पुढे केली नाही.

"हात," तो म्हणाला.

थोरल्याने हात पुढे केले. धाकट्याने वाकून ते हुंगले, आधी तळवे, मग उलटे. बाजारात मासा बघून घ्यावा तसे.

"साबणाचा वास येतोय."

"धुतले म्हणून येतोय."

"राखेने धू."

थोरला चुलीशी गेला. राख घेऊन कोपरापर्यंत घासली. नखांतली काडीने काढली. परत येऊन हात पुढे केले. धाकट्याने पुन्हा हुंगले, मग करगोट्याकडे नजर टाकली. करगोट्यात काही नव्हतं. तरी त्याने पिशवी भावाच्या हातात दिली नाही, स्वतःच त्याच्या गळ्यात अडकवली आणि दाणा स्वतः मोजून घातला. भावजय चुलीपुढे बसून हे बघत होती. आत तव्यावर भाकरी होती. तिने थोरल्याला काही विचारलं नाही, पण फडक्यात तीन बांधल्या.

दोघं चढून गेले. धाकट्याने कड्याकडचे पट्टे घेतले, थोरल्याने अलीकडचे. अर्ध्यात आल्यावर थोरला थांबला. गुडघा धरून खाली बसला, मग पालथा पडला. त्याने टाकलेल्या दाण्यापाशी एक मुंगी आली होती. तिने मिशा लावल्या. पळाली नाही. दाण्याभोवती फिरली, दाणा धरला, सोडला, पुन्हा धरला आणि मागे मागे ओढत न्यायला लागली.

"अरे!" थोरल्याने हाक मारली. "घेतला! उचलला एकीने!"

वरून धाकट्याचा आवाज आला. "खरं की तुला वाटलं?"

"ये आणि बघ."

धाकटा उतरून आला. भावाच्या सांगण्यावर विसंबून तो काही परत जाणार नव्हता. पिशवी पाठीवर टाकून तो शेजारी पालथा पडला, इतका जवळ की थोरल्याला त्याच्या घामाचा वास आला. दोघांच्या हनुवट्या मातीला लागल्या होत्या. मुंगी दाण्यासकट एका दगडाखाली शिरली.

"बघितलंस?"

"बघितलं." धाकट्याने डोळे तिथून काढले नाहीत. "एकीने नेला म्हणजे झालं नाही. दुसरी येते का बघू."

"येईल."

"तू बोलू नकोस. बघ नुसता."

ऊन वर आलं होतं. दोघं तसेच पडून राहिले.